तिसरी वेळ राहिली

मंगळवार, २ सप्टेंबर

ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला घेतलं होतं. पण तू नाक मुरडशील असं वाटलं आणि कागद फाडला. असे दोन-चार कागद फाडून झालेत, ऑफ तास संपत आलाय, तेव्हा आता जे येईल ते लिहिते. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, एवढंही माझ्यासाठी पुष्कळ आहे.

नऊ वर्षांनी ही बया एकदम पत्र का लिहिते, असं वाटत असेल. काही झालेलं नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, शाळा तीच. तुला एक विचारायचं होतं, सहजच. पण त्याआधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल हिचं डोकं फिरलं.

यंदा नववीला मी परीकथा लिहायला लावल्या. स्वतःच्या, नव्या, कुठून उचललेल्या नाहीत. पहिल्या दिवशी वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एक लांबुडका म्हणाला, ''बाई, आम्हाला मिशा फुटायला लागल्या, आता परी कुठून आणू?'' मी म्हटलं, मिशा असलेली आण. तिथून गाडी सुटली. फळ्यावर नियम लिहून दिले. कुणालाही नाव द्यायचं नाही, राजा, राणी, न्हावी, धाकटी मुलगी, एवढंच. एक तरी गोष्ट मनाई असलेली हवी. आणि माझा लाडका नियम: सगळं तीनदा घडतं. पहिल्या दोन वेळा सारखं, तिसऱ्या वेळी उलटं. तिसरी वेळ नाही तर परीकथा नाही, असं मी फळ्यावर डस्टर आपटून सांगितलं. तुला माहीत आहे मी कशी सांगते ते.

काय काय लिहिलंय म्हणून सांगू! एकीची चेटकीण क्लास घेते आणि फी म्हणून मुलांची झोप घेते. त्या लांबुडक्याच्या राजपुत्राला शाप आहे, त्याचा गणिताचा पेपर दर वर्षी त्याच्या मागे मागे घरी येतो. मी स्टाफरूममध्ये वाचता वाचता इतकी हसले की चित्रकलेच्या बाई विचारायला आल्या.

आणि मग एक गोष्ट आली. तिसऱ्या बाकावरची मुलगी आहे, वर्ग तिला 'घड्याळ' म्हणतो, कारण ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असते. मला वाटायचं माझा तास तिला नकोसा होतो. मधल्या सुट्टीत ती घरी पळते आणि घंटेला धापा टाकत परत येते. गृहपाठ वेळेवर, अक्षर टाइप केल्यासारखं. तिची गोष्ट झोपाळू राणीची. राणीला एका म्हातारीनं पांढरे मणी दिलेले असतात आणि बजावलेलं असतं की रोज एकच मणी गिळायचा, जास्त नाही. एकदा राणी पुष्कळ मणी गिळते आणि झोपते. मुलगी तोंडावर पाणी मारून तिला उठवते. दुसऱ्यांदा पाण्यानं उठत नाही, तेव्हा मुलगी वैद्याला बोलावते. राणी उठते आणि म्हणते, ''कुणाला सांगू नकोस हं.'' त्याच्याखाली '३' असा आकडा आहे आणि पुढे अख्खं पान कोरं.

तर माझा प्रश्न. आईचं जेव्हा सुरू झालं, तेव्हा तुला पहिल्यांदा काय दिसलं? म्हणजे कशावरून कळलं? सवडीनं कळव. घाई नाही.

तुझी
धाकटी

शनिवार, ६ सप्टेंबर

ताई,

घाई नाही असं लिहिलं ते खोटं होतं. पत्र तुला मिळालं की नाही तेही माहीत नाही, आणि मी रोज दुपारी खाली जाऊन पत्रपेटीत हात घालते. काल शेजारचे काका म्हणाले, ''काय हो, लॉटरी लागायचीय का?'' मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

मुलगी आठवडाभर शाळेत आलेली नाही.

मागच्या पत्रात मी एक गाळलं. ऐक आता. तिची ती अर्धी गोष्ट वाचून मी काय केलं असेल? आपली नेहमीची पद्धत. खाली लाल पेननं लिहिलं: 'सुंदर. पण तिसरी वेळ राहिली. पूर्ण कर.' दहापैकी सहा. दोन दिवसांनी तिनं वही परत दिली, पान तसंच कोरं. मी विचारलं तर म्हणाली, ''बाई, मला नाही लिहायचं.'' आता अडलेली गोष्ट सोडवायची माझी एक रीत आहे. ती वर्गात वाचायची आणि सगळ्यांनी पुढचं सुचवायचं. त्याला मुलं 'गोष्ट फोडायची' म्हणतात, नारळ फोडावा तशी. दर शुक्रवारी एक फोडतो. मुलांना फार आवडतं, आणि मलाही, खरं सांगायचं तर. मी तिची फोडली.

तिला विचारलंही नाही. उभी राहिले आणि वाचली, आवाज-बिवाज काढून. राणीचं ''कुणाला सांगू नकोस हं'' मी असं लाडिक म्हटलं की वर्ग हसला. मग म्हटलं, चला, तिसरी वेळ! हातावर हात. एक म्हणाला, मुलगी घरी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. एक म्हणाली, वैद्यच मेलेला असतो. आणि तो लांबुडका, मनानं अगदी गरीब आहे ग तो, मागून ओरडला, ''राणी मरते! दोनदा उठली ना, मग तिसऱ्यांदा नाहीच उठणार. नियम आहे!'' मी म्हटलं, शाब्बास, नियम कुणाला तरी कळला.

शाब्बास म्हटलं मी, ताई.

ती उठली, दप्तर घेतलं आणि गेली. तास संपायला वीस मिनिटं होती. रंग पार उडाला होता तिचा. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तोवर तिचं एक अक्षरही मी नीट वाचलेलं नव्हतं. बावीस वर्षं मुलांचं लिहिलेलं तपासते मी.

मोठ्या बाईंकडे गेले, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ''गोष्ट गोष्टीसारखी वाचा हो. तुम्ही भाषा शिकवता, पोलीस तपास नाही करत. उद्या त्या लांबुडक्याच्या घरी जाऊन गणिताचा पेपर पाठलाग करतो का विचाराल.'' मी हसून बाहेर आले. त्यांचं बरोबर असेल. देव करो आणि त्यांचंच बरोबर असो. पण मला तसं वाटत नाही.

तिला काय विचारू? कसं विचारू? हे मला फक्त तूच सांगू शकतेस. तुझा माझ्यावर राग आहे तो राहू दे, तो सोड असं मी म्हणत नाही. एवढं एक सांग.

धाकटी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. 'तिला आईबद्दल विचारू नकोस. ती स्वतः आज जेवली का ते विचार.' एवढंच. मी ते जिन्यातच उभी राहून वाचलं आणि मला रडू फुटलं. शेजारच्या काकांना वाटलं लॉटरी हुकली.

सोमवारपासून मुलगी यायला लागलीय. काल मधल्या सुट्टीत ती पळायच्या आत मी तिला दारात गाठलं. मी काही ठरवून गेले नव्हते, तुझं वाक्य तेवढं घोकत होते. विचारलं, ''आज जेवलीस का ग?'' ती म्हणाली, ''हो बाई.'' मग थांबली. म्हणाली, ''नाही. आईसाठी केलं होतं. ती उठली नाही, मग मी पण तसंच ठेवलं.''

मी म्हटलं, चल, मी येते फाटकापर्यंत. आम्ही चालत गेलो. माझ्या डब्यातलं अर्धं तिनं उभ्या उभ्या चालता चालता खाल्लं. आणि मी न विचारता सगळं सांगितलं तिनं, ताई, रस्त्याकडे बघत, पाढे म्हटल्यासारखं. आई घरी शिवणकाम करते. वडील बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येतात. पहिल्यांदा मे महिन्यात झालं, दुसऱ्यांदा जुलैत. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांना आईनं सांगितलं की चुकून दोनदा घेतल्या गोळ्या. ही रोज गोळ्या मोजते. मधल्या सुट्टीत घरी जाते ती आई श्वास घेते का ते बघायला. म्हणून घड्याळ.

आणि मग म्हणाली, ''बाई, दोनदा झालंय.''

मी म्हटलं, अग वेडे, तो नियम गोष्टीतला आहे. खऱ्यात असं काही नसतं. मी तो नियमच मागे घेते. तर काय म्हणाली माहीत आहे? ''मी लायब्ररीतली सगळी पुस्तकं बघितली. सगळीकडे तसंच आहे. मी तिसरी वेळ लिहिली तर ती होईल, म्हणून लिहिली नाही.'' आणि मी तिला सहा मार्क दिले होते.

माझा नंबर तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. बजावलं, पुन्हा कधी आई उठली नाही तर पाणी मारत बसायचं नाही, वैद्य शोधत बसायचं नाही, मला फोन करायचा. मी तासावर असले तरी. शाळेत फोन ऑफिसच्या कपाटात जमा करावा लागतो, शिक्षकांनाही. मी माझा जुना बंद फोन जमा केला आणि चालू फोन पर्समध्ये ठेवते. या वयात चोऱ्या करायला लागलेय.

उद्या तिच्या घरी जाणार आहे. तू जे पाच वर्षं रोज केलंस ते मी एक दिवस करणार आहे, आणि मला आत्तापासून घाम फुटलाय.

तुझी धाकटी

बुधवार, १७ सप्टेंबर

ताई,

मी माती खाल्ली.

गेले होते शनिवारी. दोन खोल्या, स्वच्छ, खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर कुणाकुणाचे आल्टर करायचे ब्लाऊज, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. आईनं दार उघडलं. माझ्याहून लहान असेल. केस नीट विंचरलेले. ''या ना बाई, बसा, मी चहा टाकते.'' हसली सुद्धा. मला वाटलं होतं, मला काय वाटलं होतं कोण जाणे. मुलगी आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. आता बाई बोलतील, असं.

आणि मी बोलले. तिच्या अक्षराबद्दल बोलले. सहामाहीबद्दल बोलले. चहा छान झालाय म्हटलं. आईनं विचारलं, ''काही तक्रार आहे का हिची? अभ्यासात लक्ष नाही का?'' तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं असेल? ''थोडी मधल्या सुट्टीत पळापळ करते.'' म्हणजे मुलीनं विश्वासानं मला जे सांगितलं, त्याचीच मी चहाडी केली. आई म्हणाली, ''मी बजावते तिला, घरी यायचं नाही म्हणून.'' पोरीनं मान खाली घातली. मी चहा संपवला आणि निघाले.

तुला हे नवीन नाही. मला अशीच ओळखतेस तू. आई आजारी होती तेव्हा तुझा फोन वाजायचा आणि मी तो टेबलावर पालथा घालायचे. मग एक दिवस सोडून फोन करायचे आणि म्हणायचे, अग पेपर तपासायचे होते. बाराही महिने पेपर असायचे माझे. तू कधी ''ये'' म्हणाली नाहीस, नुसतं ''आज बरं नाहीय तिला'' एवढंच म्हणायचीस, आणि मी मुद्दाम त्याचा अर्थ सर्दी-ताप असा घ्यायचे. आई गेली त्या दिवशी मी बॅग घेऊन दारात आले आणि तू म्हणालीस, ''पाहुणी आली.'' लोकांना आपण हार्ट अटॅक सांगितलं. तुझ्याशी भांडले ती त्या 'पाहुणी'वरून. नऊ वर्षं नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी वागले, कारण तू खरं बोलली होतीस.

सोमवारी धीर करून रजिस्टरमधून मुलीच्या वडिलांचा नंबर काढला. ते म्हणाले, ''दमते हो ती. आणि पोरगी जरा जास्तच विचार करते. महिनाअखेरीला येतोच आहे मी.'' मी म्हटलं, महिनाअखेर लांब आहे. ते म्हणाले, ''बाई, तुम्ही काळजी करू नका.'' बोलायला अगदी सज्जन. मला त्यांच्यात मीच दिसले.

काल पुन्हा मोठ्या बाईंकडे गेले. या वेळी हसले नाही. म्हटलं, मधल्या सुट्टीत त्या मुलीला फाटकातून सोडायचं, तिच्या आईनं काही लिहून पाठवलं तरी, जबाबदारी माझी. त्यांनी वॉचमनला बोलावून तसं सांगितलं. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचा एक नंबरही दिला, सरकारी दवाखान्यातला. गुरुवारची वेळ मिळालीय, पुढच्या. आईला तिथवर न्यायचं कसं, तो माझा प्रश्न. या रविवारी पुन्हा जाईन आणि चहा घेणार नाही.

धाकटी

मंगळवार, २३ सप्टेंबर

ताई,

दवाखान्यातून लिहितेय, बाकावर बसून, वहीचं पान फाडून. दुपारचे चार वाजलेत. आधी एवढं वाच: ती जिवंत आहे.

रविवारी मी गेले होते. चहा घेतला नाही. म्हटलं, मला माहीत आहे मे महिन्यात काय झालं आणि जुलैत काय झालं. असं सरळ म्हटलं ग मी. तिच्या हातातली कात्री थांबली. ओरडली नाही, हाकलून दिलं नाही. म्हणाली, ''तिला कळू द्यायचं नव्हतं मला.'' मी म्हटलं, ती रोज मोजते. तेव्हा ती रडली. गुरुवारी दवाखान्यात यायला कबूल झाली. मी घरी आले ती अशी, जणू काही मोठं मैदान मारलं. झोपही लागली छान.

आज मधल्या सुट्टीनंतर तासाला उभी होते. फळ्याकडे तोंड होतं. पर्समध्ये फोन वाजला आणि अख्खा वर्ग ''बाई!'' म्हणून ओरडला, कारण चोरी पकडली गेली. मी उचलला, पोरीचा आवाज ऐकला आणि खडू तसाच हातात घेऊन धावले. लांबुडक्यानं मागून विचारलं, बाई, काय झालं, तर म्हटलं, मोठ्या बाईंना पाठव, आणि तो माझ्या पुढे धावला. अँब्युलन्सला मोठ्या बाईंनीच फोन लावला. मी पोचले तेव्हा पोरगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुठल्या वेळी काय दिसलं ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, मिनिटासकट. डॉक्टर म्हणाले, त्या कागदाचा फार उपयोग झाला. म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. आता धोका टळलाय, पण काही दिवस ठेवून घेतील, मग मनोविकार विभागात उपचार सुरू करतील. ती मघाशी डोळे उघडून मुलीकडे बघत होती. वडील निघालेत, संध्याकाळपर्यंत पोचतील. फोनवर रडत होते.

मला काय वाटतं विचारशील तर सांगते. मला भीती वाटते. गुरुवारची वेळ घेऊन मी खूश झाले आणि मधल्या चार दिवसांचा विचारच केला नाही. हे तुला कळलं असतं, मला कळलं नाही.

मघाशी पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिला बिस्किटं आणून दिली, ती तिनं खाल्ली. मग जरा वेळानं म्हणाली, ''बाई, तिसरी वेळ झाली. उलटं झालं. आई उठली.'' मी म्हटलं, हो ग बाळा. ती इतकी सैलावली, ताई, महिन्याभरात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. आणि म्हणाली, ''म्हणजे आता संपलं ना? गोष्टीत चौथी वेळ नसते.''

ती माझ्याकडे बघत होती. 'नसते' म्हणणं किती सोपं होतं. फळ्यावरचा माझाच नियम. मी तोंड उघडलंही होतं.

पण आपली आई चौथ्या वेळी गेली. तिसऱ्या वेळेनंतर ती छान हसली होती, तुला आठवतं, आणि मला फोनवर तूच म्हणाली होतीस की आता बरं वाटतंय तिला. मीही सुटकेचा श्वास टाकला होता. ती चौथी वेळ तू एकटीनं पाहिलीस.

मी तिला म्हटलं, ''असू शकते. चौथी असू शकते, पाचवीही असू शकते. पण गोळ्या आता तू मोजायच्या नाहीत. त्या मी मोजेन, तुझे बाबा मोजतील, डॉक्टर मोजतील. तू तास बुडवायचा नाहीस.'' तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं रडेल. तर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, बसल्या बसल्या, भरदिवसा, तोंड उघडं टाकून. अर्धा तास झाला. खांदा पार बधिर झालाय, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय, आणि मी हलत नाहीय.

तूही अशी कुणाच्या खांद्यावर झोपायला हवी होतीस, ताई. तो खांदा माझा होता आणि मी तो दिला नाही.

तुझी
धाकटी